अठ्ठावीस खांबांचं मखर

माझी फजिती मीच सांगतो बाबांनो, कारण सचिन सांगायला लागला की तिखटमीठ लावून सांगतो. चहा घ्या आणि मध्ये हसू नका.

आधी एक कबुली. ऑफिसातल्या डच मंडळींचा मला एकाच गोष्टीसाठी भयंकर राग येतो. मी भारतातला म्हटलं की लगेच विचारतात, "ताजमहाल कसा आहे?" अरे, मी पुण्याचा! ताजमहालाच्या गच्चीवर मी काय पापड वाळत घालतो?

असो. गेल्या गणपतीत झुइडओस्ट भागात राहणाऱ्या सचिनने आपल्या फ्लॅटमध्ये असं मखर केलं की महिनाभर सगळे त्याचंच कौतुक करत होते. यंदा त्याची जिरवायचीच! म्हटलं, आपण बीजिंगचं स्वर्गमंदिर करू. चीनचे सम्राट चांगल्या पिकासाठी तिथे प्रार्थना करायला जायचे. आकाश गोल, म्हणून मंदिरही गोल. वर निळ्या छपराचे तीन थर. आत अठ्ठावीस लाकडी खांब: चार ऋतूंचे चार, बारा महिन्यांचे बारा, दिवसाच्या बारा भागांचे बारा. आणि सगळ्या इमारतीत खिळा म्हणाल तर एकही नाही!

"निदान सेलोटेप तरी लाव," बायको म्हणाली.

"मुग्धा, सम्राटाने लावली होती का सेलोटेप?"

खांबांना किचन रोलचे पुठ्ठ्याचे नळे हवे होते. आमच्या घरात सोळाच निघाले. उरलेले बारा शेजारच्या लिनबाईंनी आणून दिले. डीमन गावातल्या आमच्या इमारतीत आमच्या दाराला दार लागून त्यांचं दार. छप्पर बघून त्या म्हणाल्या, "मोय!" म्हणजे डचमध्ये सुंदर.

मी हरखलोच. खुद्द चीनच्या बाईंची पसंती!

"खांब बरोबर आलेत ना?" मी विचारलं.

"अगदी सरळ आहेत."

"आणि निळा रंग?"

"फारच छान."

आता काय, पावतीच मिळाली! मी म्हटलं, "आरतीनंतर आमच्या लोकांना या मंदिराबद्दल दोन शब्द सांगाल?"

"मी?"

"तुमच्याइतकं कोण सांगणार!"

त्या लाजल्या, पण हो म्हणाल्या. मी तडक ग्रुपवर टाकलं: 'आरतीनंतर खास चिनी तज्ज्ञांचं व्याख्यान.'

गणपतीच्या दिवशी दिवाणखान्यात वीस माणसं. सचिन मखराकडे बघून चक्क गप्प! अहो, नोकरीत बढती मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. आरती झाली आणि लिनबाई उभ्या राहिल्या.

"माझा जन्म इथलाच, डेल्फ्टचा. चीन मी कधी पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण यांच्या गावच्या देवळाला माझ्या स्वयंपाकघरातले बारा खांब लागले, हा माझा मोठा मान आहे. पुण्यात अशी निळी गोल देवळं असतात, हे मला ठाऊकच नव्हतं!"

मग सचिन असा काही हसला, असा काही हसला, की हसता हसता त्याने टेबलावर थाप मारली. बिनखिळ्याचं छप्पर घसरलं आणि बाप्पाच्या मुकुटावर टोपीसारखं बसलं. मुग्धा उठली आणि सेलोटेप घेऊन आली.

मी कसाबसा म्हणालो, "लिनबाई, हे मंदिर चीनचं आहे हो. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार."

त्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "अहो, मग सांगायचं नाही का! तुम्ही जाऊन आलात तिथे?"

"नाही."

माझा पडलेला चेहरा बघून त्यांना दया आली असावी. हातातला मोदक मला देत त्या मायेने म्हणाल्या, "जाऊ दे. तुमच्याकडचं सांगा. ताजमहाल कसा आहे?"

वीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"तोही," मी म्हणालो, "फोटोतच पाहिलाय."