सेनापतिपद गेल्यावर
खजुराचा डबा उघडला की अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या ऑफिसातली रमजानमधली एक संध्याकाळ आठवते. दोन वर्षं मी सोलापूरच्या माझ्या मित्रावर जळत होतो, कारण तो टीम लीड होता. त्या दिवशी त्याला काढून ती जागा मला दिली. आता त्याचा उतरलेला चेहरा मला बघायचा होता. बाहेर बर्फ भुरभुरत होता. रोजा सोडायची वेळ झाली, तसा तो खजूर घेऊन माझ्याच टेबलाशी आला आणि म्हणाला, “उद्यापासून मला काय काम देतोस?” मी विचारलं, “तुला राग नाही आला, यार?” तो म्हणाला, “अब्बा सांगायचे, पैगंबरांचा एक साथीदार मोठा लढवय्या होता. खलिफांनी त्याचं सेनापतिपद काढलं, तरी तो त्याच फौजेत दुसऱ्याच्या हाताखाली लढत राहिला.” एवढं बोलून त्याने एक खजूर माझ्या हातावर ठेवला. त्याची खुर्ची मिळूनही जळत मीच होतो. अजून जळतो.