वहिनींना गाडी लागते

चौकातल्या दुकानात वहिनी कपडे उसवून, आखूड करून, बेतून द्यायच्या. अख्खी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण चारचाकीचं नाव काढलं की चेहरा उतरायचा. दोन वळणं झाली की पोटात ढवळायला लागायचं. थोरली बहीण डोंगरापलीकडे राहायची आणि मधला रस्ता म्हणजे नुसती वळणंच वळणं. भाचीच्या लग्नालासुद्धा वहिनी अर्ध्या वाटेतून माघारी आल्या होत्या. ते दुःख त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

नवऱ्याने चार ठिकाणी चौकशी करून, दहा जणांचं डोकं खाऊन एक छोटी हॅचबॅक घेतली. "पेट्रोल पीत नाही, नुसतं हुंगते," असं तो येईल त्याला सांगायचा. मागे सासूबाई ऐसपैस बसायच्या, डिकीत आठवड्याचा बाजार मावायचा. एका वहिनींना सोडून सगळ्यांची सोय झाली. पहिल्याच फेरीत त्या मध्येच उतरल्या आणि पायी घरी आल्या.

मग एका रविवारी नणंद आली ती लालभडक, बिनछपराची स्पोर्ट्स कार घेऊन. नवऱ्याने गाडीभोवती फेरी मारली आणि नाक मुरडलं.

"दोनच माणसं बसणार. डिकीत एक बॅग शिरली तरी नशीब. पेट्रोल तर घटाघटा पीत असेल!"

"पिते ना!" नणंद म्हणाली. "दादा, तुझी गाडी संसारी आहे, माझी उनाड. वहिनी, चल, तुझ्या ताईकडे जाऊन येऊ."

"नको गं बाई, तुझी नवी गाडी खराब व्हायची."

"अगं, वर छप्परच नाही. गुदमरशील कशी?"

वहिनी जीव मुठीत धरून बसल्या. डोंगर सुरू झाला तशी त्यांनी तोंडाला रुमाल लावला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. वारा असा थडाथडा तोंडावर येत होता की पोटाला कुरकुरायला सवडच मिळाली नाही. माथ्यावर पोचेपर्यंत रुमाल कधीच उडून गेला होता आणि वहिनी मोठमोठ्याने हसत होत्या. ताई ओल्या हातांनीच धावत बाहेर आली. दोघी बहिणी एकमेकींना बिलगून कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

परतताना वहिनी म्हणाल्या, "मलाही असलीच गाडी हवी. पण सासूबाईंना बसवू कुठे? टपावर म्हणावं, तर टपही नाही!"

नणंद खो खो हसली. मग म्हणाली, "खरं सांगू? दुसऱ्याच्या शेजारी बसले की मलाही लागते गाडी. स्वतः चालवताना मात्र कधीच नाही. वळण येणार हे अंगाला आधीच कळतं ना."

उरलेली वाट वहिनी नणंदेचे स्टिअरिंगवरचे हात निरखत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी त्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन नाव घालून आल्या.

"तू? गाडी चालवणार?" नवऱ्याने डोळे विस्फारले.

"का? इतकी वर्षं मशीनचं पायडल काय तुम्ही मारत होता?"

सुरुवातीला भर चौकात गाडी बंद पडायची, मागे भोंग्यांचा कल्लोळ व्हायचा. वहिनी शांतपणे म्हणायच्या, "वाजवा बापडे," आणि पुन्हा किल्ली फिरवायच्या. पोटात काही ढवळलं नाही. स्टिअरिंगवर हात असले की पोट कसं शहाण्यासारखं वागायचं.

लायसन्स हातात आलं आणि पुढच्याच सुट्टीला त्यांनी सगळं घर हॅचबॅकमध्ये घातलं. चारी काचा खाली. वळणावर वेग कमी, उतारावर गिअर खाली. सासूबाईंची डुलकीसुद्धा मोडली नाही. नवरा शेजारी बसून आधी सूचना देत होता, मग नुसता पाहत राहिला. माथ्यावर तो हळूच म्हणाला, "माझ्यापेक्षा छान चालवतेस गं."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

फाटकाशी आलेल्या ताईने बहिणीसाठी ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं. तिथून उतरला वहिनींचा नवरा. ती गोंधळून पाहतेय तोवर वहिनी पलीकडून उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चल ताई, बस माझ्या शेजारी. आधी तुला गावभर फिरवून आणते."