दुसरी हाक

ऑफिसात तिला सगळे 'चाळण' म्हणायचे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि तिच्या नजरेतून खडा सुटायचा नाही. "जेवतानाही बग शोधतेस!" म्हणून नवरा चिडवायचा, तेव्हा ती हसायची. हल्ली हसत नव्हती.

त्यांच्या ॲपवरून लोक ॲम्ब्युलन्स मागवत. एकाच इमारतीतून दोघांनी एकदम मागवली, तर दुसरी मागणी गुपचूप गायब व्हायची. तिनं कळवलं. ॲपवाल्यानं उत्तर दिलं, 'माझ्याकडे नीट चालतंय, सर्व्हरचं बघा.' सर्व्हरवाला म्हणाला, 'सर्व्हर ठणठणीत आहे,' आणि तक्रार बंद केली. तिनं उघडायची, यांनी बंद करायची. आठवडाभर नुसती टोलवाटोलवी.

मग बातमी आली. अर्धांगाचा झटका आलेल्या एका म्हातारीला शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून चार जिने उतरवलं होतं. त्याच वेळी इमारतीतल्या आणखी कुणीतरी ॲम्ब्युलन्स मागवली होती, आणि लेकीनं त्यांच्या ॲपवरून मागवलेली गाडी आलीच नव्हती. म्हातारी वाचली, पण उजवा हात लुळा पडला तो पडलाच.

चाळणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ॲपवाला, सर्व्हरवाला आणि साहेब, तिघांना तिनं एका खोलीत बसवलं, दार लावलं, त्या दोघांच्या हातात एकेक फोन दिला.

"मागवा. एकदम."

पडद्यावर एकच मागणी उमटली.

"दुसरी कुठं गेली?"

"अगं, चिडून काय होणार?" साहेब म्हणाले.

"गोड बोलून काय झालं, साहेब?"

साहेबांनी दोघांना खूण केली. दोघांनी पहिल्यांदाच शेजारी बसून एकमेकांचं काम उघडलं. ॲप माणसाची ओळख म्हणून नुसता इमारतीचा पत्ता पाठवत होतं. तोच पत्ता लगेच पुन्हा आला की एकाच माणसानं दोनदा मागवलंय असं समजून सर्व्हर दुसरी मागणी फेकून देत होता.

"पत्ता पाठव असं तुम्हीच सांगितलंत!" ॲपवाला उसळला.

"आम्ही? कधी?"

"भांडण नंतर," ती कडाडली. "आधी दुरुस्त करा."

दुपारी दुरुस्ती झाली. तिनं नाना तऱ्हांनी तपासली, तेव्हा कुठे सोडली.

संध्याकाळी साहेबांचा मेल आला: 'एकजुटीबद्दल सर्वांचं अभिनंदन!' ती तडक केबिनमध्ये शिरली. "अभिनंदन राहू द्या. चूक ज्यानं शोधली, त्याच्या होकाराशिवाय यापुढे तक्रार बंद होणार नाही, एवढं लिहा."

साहेबांनी मुकाट्यानं लिहिलं.

बाहेर सर्व्हरवाला घुटमळत होता. "सॉरी गं."

"मला कशाला? त्या माउलीला जाऊन सांग."

तिनं पर्स उचलली आणि निघाली. राग अजून धुमसतच होता.