धडधाकट हाताची कसरत

बेबीनंदाने नवऱ्याचा व्यायाम एक दिवससुद्धा चुकवला नव्हता. जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीला हे तोंडपाठ होतं, कारण सकाळी सातला तिचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. "उचला! पाच! सहा! पोतं उचलताना लय जोर होता, आता काय झालं?"

संपत म्हणजे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तीस वर्षं हमाली केलेला गडी. दिवाळीनंतर एका सकाळी त्याचा उजवा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. घरी सोडताना तिथल्या आकांक्षा मॅडमनी व्यायाम दाखवले, दाबायला रबरी चेंडू दिला आणि बजावलं, पहिले सहा महिने फार मोलाचे. संपतला एकच गोष्ट हवी होती, पुन्हा आपल्या उजव्या हाताने जेवायचं. बायकोने भरवलेला घास घेताना तो भिंतीकडे बघायचा.

शेजारच्या ताराकाकू दारात येऊन खोड काढायच्या, "बेबे, एवढी कसरत करून घेऊन राह्यली, कुस्तीला पाठवती का त्याला?"

"पाठवीन की! पहिली कुस्ती तुमच्या नरहरकाकासंग!"

चार महिन्यांनी दाखवायला जाताना बेबीनंदा नवी साडी नेसली. बक्षीसच घ्यायला निघाली होती जणू.

"चेंडू दाबून दाखवा, संपतभाऊ," आकांक्षा मॅडम म्हणाल्या.

संपतने डाव्या हाताने तो असा आवळला की चेंडूची पार चपाती झाली. बेबीनंदाने बाकावरच्या पेशंटांकडे ऐटीत पाहिलं.

"हा नाही, उजवा."

"उजव्यानं कसं दाबतील मॅडम? तो आजारी हाये ना!"

मॅडमचा पेन जागीच थांबला. "मग चार महिने व्यायाम कोणत्या हाताचा केला?"

"ह्याचाच की, धड हाताचा. पायाचाबी धडाचाच. आजाऱ्याला बिलकुल ताप दिला न्हाई. तेल लावून शालीत गुंडाळून ठिवला."

संपतनेही बराबर म्हणून मान हलवली. मोंढ्यात एका खांद्याला फोड आला की त्याला सुट्टी आणि पोतं दुसऱ्या खांद्यावर. तीस वर्षं अंग असंच चालवलेलं. यात विचारायचं काय?

मॅडम कपाळाला हात लावून खालीच बसल्या. "अहो मावशी, बिघाड हातात नाही, मेंदूत झालाय. हात हलवत राहिलं तरच मेंदू पुन्हा शिकतो. तुम्ही शिकणाऱ्यालाच झोपवून ठेवलंत!"

चार महिने! बेबीनंदाने शाल बाजूला केली. आत बोटं मुठीत वळून बसली होती. ह्या मायेने आपणच ती वळवली?

"मंग गेला का हात?" संपतने जड जिभेने विचारलं.

मॅडमनी त्याची बोटं हळूहळू उलगडली, हलवून बघायला सांगितलं. अंगठा किंचित सरकला. "पूर्वीसारखा होईल, असा शब्द देत नाही. पण आजपासून ह्यालाच कामाला लावा. रोज थोडा वेळ डाव्याला मोजा घालून गप्प बसवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीनंदाने डाव्या हाताला मोजा चढवला आणि वरणात कुस्करलेली भाकर पुढ्यात ठेवली. ताराकाकू किंचाळल्याच, "अगं माय! चांगला व्हता तो हातबी बांधला? बाई हायेस का कोण?"

"गप बसा काकू. मला काल कळलंय, तुम्हाला आज कळंल."

संपतचा उजवा हात ताटातून उठला, थरथरला, पडला. वरण सदऱ्यावर. पुन्हा उठला, पुन्हा पडला. बेबीनंदाचा हात आपोआप पुढे गेला. तिने तो ओढून मांडीखाली दाबून धरला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात काही बाहेर काढला नाही.

तिसऱ्या वेळी घास वर गेला आणि मिशीत अडकला. संपत स्वतःच दचकला.

"मिशीला लागला," तो म्हणाला.

"लागू द्या," बेबीनंदा म्हणाली. "तोंड तिथून दोनच बोटं हाये."