सातशेचे सातशे सत्तर

आमच्या शाळेत सकाळी गणित असायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर नागरिकशास्त्र. दोन्ही विषय एकच गुरुजी शिकवायचे, कारण सात वर्गांना मिळून गुरुजीच दोन होते. सातवीत आम्ही नऊ मुलं. त्यात मुली दोनच, मी आणि तांड्यावरची माझी मैत्रीण. ती घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलायची, माझ्याशी वऱ्हाडी आणि गुरुजींशी पुस्तकातली मराठी. या तिन्ही भाषांमध्ये ती अशी ये-जा करायची, जशी एखादी एकाच घराच्या तीन खोल्यांतून फिरते.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तो हिवाळा आठवला की मला आधी धुकं दिसतं. घाटंजीकडून येणारा रस्ता, रस्त्यालगतची वावरं, त्यात फुटलेला कापूस. धुकं कुठे संपलं आणि कापूस कुठे सुरू झाला हे उन्हं वर येईस्तोवर कळायचं नाही. मधेच तुरीची पिवळी फुलं तेवढी तरंगल्यासारखी दिसायची. आम्ही शाळेत जायचो ते झोपेतून पुरतं जागं न होता. पहिल्या तासाला फळ्यावर गुरुजींनी काढलेला त्रिकोणही मला त्या धुक्यातूनच आल्यासारखा वाटायचा.

त्या सुमारास ग्रामपंचायतीला एक सरकारी विहीर मंजूर झाली, आणि ती कुठे खोदायची यावरून भांडण लागलं. आमची ग्रामपंचायत तीन वस्त्यांची होती. एक आमचं गाव. दुसरा टेकाडावरचा तांडा. तिसरी कोलाम आदिवासींची वस्ती, तिला आम्ही पोड म्हणायचो. गावात एक जुनी विहीर होती, उन्हाळ्यात ती तळ गाठायची. तांड्यावरच्या बाया नाल्यावर उतरायच्या. पोडावरचे लोक नाल्याच्या वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरायचे. गावातली मोठी माणसं म्हणत होती, विहीर देवळासमोरच हवी. तांड्याचे नायक म्हणत होते, आमच्या पायथ्याशी. पोडाला कोणी विचारलंच नव्हतं.

गुरुजींनी हे भांडण सरळ वर्गात आणलं. सकाळी त्यांनी फळ्यावर तीन ठिपके काढले. "या तिघांपासून सारख्याच अंतरावर असेल अशी जागा सापडेल का?" त्यांनी विचारलं. आम्ही दोन बाजूंचे लंबदुभाजक काढून ती शोधायला शिकलो. दुपारी त्याच तीन ठिपक्यांवर बोट ठेवून ते म्हणाले, "यातला कोणता ठिपका लहान?" मग त्यांनीच सांगितलं, "मत प्रत्येक माणसाला एकच असतं. ठरतं ते बहुमतानं. पण हात वर करायच्या आधी माणसाला सगळं माहीत असायला हवं. ते माहीत करून देणं हे आपलं काम."

शाळेत मीटरची नवी पट्टी आली होती. तिच्या मापानं आम्ही वीस मीटरचा एक दोर केला आणि मीटरामीटरावर चिंध्या बांधल्या. चार दिवस आम्ही तीन वस्त्यांमधली अंतरं मोजली. पोडाच्या बाजूला दोराचं टोक मैत्रिणीनं धरलं होतं आणि दुसरं मी. धुक्यात ती दिसेनाशी व्हायची. फक्त दोर दिसायचा, माझ्या मुठीतून निघून पांढऱ्यात विरघळलेला. मग पलीकडून तिचा आवाज यायचा, "हूऽऽ!" मी खुंटी रोवायची आणि पुढे चालायची. किती खुंट्या रोवल्या ते मोजताना मला वाटायचं की जमीन आपोआप आमच्या दोराखालून सरकते आहे आणि आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या आहोत. चालता चालता वावरांचे धुरेही, म्हणजे हद्दीचे बांध, आम्ही टिपून घेतले.

आकडे असे आले. गाव ते तांडा सहाशे मीटर, तांडा ते पोड आठशे, गाव ते पोड सातशे.

माझं अक्षर बरं होतं, म्हणून मोठ्या कागदावर नकाशा उतरवायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी दुपारी मी ओसरीवर बसले. एक सेंटिमीटरला पन्नास मीटर धरले. त्रिकोण काढला, लंबदुभाजक काढले, आणि ते जिथे मिळाले तिथे पेन्सिलीचं टोक टेकवलं. मग धुऱ्यांच्या रेषा पाहिल्या.

तो बिंदू आमच्या वावरात पडला होता. ओढ्याकडच्या कोपऱ्यात, बाभळीच्या अलीकडे. सबंध वावरात तिथलीच माती सगळ्यात काळी होती आणि चैत्रातसुद्धा तिथे ओल राहायची. बाबा तो कोपरा हातानं खुरपायचे, तिथे बैलांचा डवराही घालू देत नसत.

 अंगणात कोंबड्या फिरत होत्या, आणि दुपार अशी थांबलेली की आपण काही केलं तरी कोणाच्या लक्षात येणार नाही असं वाटावं. मी रबर घेतलं आणि सातशेचे सातशे सत्तर केले. त्रिकोण पुन्हा काढला. बिंदू सतरा मीटर सरकला आणि आमचा धुरा ओलांडून पलीकडच्या वावरात गेला. ते वावर माझ्या मैत्रिणीच्या बापाचं होतं. तीन एकरांचं, आमच्या पाव हिश्शाचंही नाही. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी आजही म्हणू शकत नाही.

सोमवारी नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला. गुरुजींनी शाबासकी दिली. दुपारी पोडावरचा एक म्हातारा, त्यांचा मोठा माणूस, काठी टेकत आला. नकाशाची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. तो दाराशीच थांबला. गुरुजींनी त्याला आत बोलावलं आणि मला म्हणाले, "आजोबांना दाखव."

मी त्याचं बोट धरून ठिपक्यावर नेलं.

"हे आमचं पोड?"

"हो."

"अन् हे गाव?"

"हो."

त्यानं एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर हळूहळू बोट फिरवलं. सारखेच दोन ठिपके. मग मला म्हणाला, "तुमी मोजलं न पोरी? मंग बराबर असंल." तो हात जोडून निघून गेला. जोडलेले हात नकाशाला होते की मला, ते कळलं नाही. त्या दिवशी माझ्याच्यानं डबा उघडवला नाही.

शाळा सुटल्यावर मैत्रीण माझ्यासोबत ओढ्यापर्यंत आली. रोज तिथून आमच्या वाटा वेगळ्या व्हायच्या. ती पाण्यात पाय सोडून बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोडावून दोर म्या धरलता. पस्तीस खेपा झाल्या. पस्तीस वीसे सातशे."

मी दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"सत्तर कुठून आले वं?"

"चुकलं असंल," मी म्हणाले.

"तुह्यं गनित चुकते?" ती एवढंच बोलली. रागावली नाही, गुरुजींना सांगेन असंही म्हणाली नाही. उठली आणि टेकाडाच्या पायवाटेनं निघून गेली. तिचा परकर दिसेनासा होईस्तोवर मी पाहत राहिले. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

घरी आले तर बाबा गोठ्यापाशी दावं वळत बसले होते. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी त्यांच्यासमोर उभी राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी दाव्यावरची नजर उचलली नाही.

"तुले असं करा लागन म्हून कोनं सांगतलं?"

"कोनीच नाई."

"मंग काहून केलं?"

"तुमचा कोपरा जाईल म्हनून."

त्यांनी दाव्याला आणखी दोन पीळ दिले. मग दावं बाजूला ठेवून म्हणाले, "उद्या मले मोजून दाखव. कागदावर नाई. जमिनीवर."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी मी गुरुजींकडून दोर मागून आणला. कशाला हवा ते त्यांनी विचारलं नाही. दोराचं दुसरं टोक बाबांनी धरलं. आधी आम्ही पोडापर्यंत मोजत गेलो. पस्तीस खेपा. बाबा प्रत्येक खेपेला एक खडा खिशात टाकत होते, शेवटी ते ओंजळीत काढून त्यांनी मोजले. मग बिंदू काढायचा होता. मी गुरुजींची रीत समजावून सांगितली. तांड्यापासून, पोडापासून आणि गावापासून, तिन्हीकडून चारशे तेरा मीटर. बाबांनी तिन्ही दिशांनी दोर लावून पाहिला. तिन्ही वेळा आम्ही बाभळीच्या अलीकडे, त्याच काळ्या मातीत येऊन थांबलो. धुकं विरत होतं. बाबा आपल्याच वावरात असे उभे होते जसे पहिल्यांदाच तिथे आले असावेत.

"जादूच हाय न," ते म्हणाले.

माय न्याहारी घेऊन आली होती आणि धुऱ्यावर बसून आमचा खेळ पाहत होती. आता तिनं विचारलं, "काय निघालं?"

"तिघांयले सारखं अंतर," मी म्हणाले.

"सारखं?" माय हसली. "पान्याचा रिकामा गुंड घेऊन जानं अन् भरला घेऊन येनं, हे काय एकच अंतर हाय? तांडा टेकाडावर हाय. तिथच्या बाया भरला गुंड घेऊन चढतीन. गावच्या सपाटीनं येतीन. तुह्या कागदावर चढ कुठी हाय?"

चढ कुठेच नव्हता. चार दिवस आम्ही त्या टेकाडावर चढत-उतरत होतो, धापा टाकत होतो, आणि आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. मोजायला गेलेल्या कोणाच्याही डोक्यावर पाणी नव्हतं.

"मंग कुठी पाह्यजे?" बाबांनी तिला विचारलं. एवढ्या मनापासून तिला काही विचारताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

माय उठली आणि तांड्याच्या अंगानं तीसेक पावलं चालत गेली. "इथी." ती आमच्या वावराच्या आणखी आत शिरली होती. आता कोपराच नव्हे, त्याच्या लगतच्या चार ओळीही जाणार होत्या. बाबांनी आधी ओळींकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मोठ्यानं हसले. "तू पन मोजून राह्यली का माह्यं वावर?"

शाळेत जाऊन मी गुरुजींना खरं काय ते सांगितलं. मार बसेल असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "ग्रामसभेत तूच वाच. काय मोजलं तेही, आणि काय खोडलं तेही."

ग्रामसभा रविवारी दुपारी शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली भरली. पोडावरची माणसं कडेला उकिडवी बसली होती. बाया कधी येत नसत. पण मी वाचणार म्हणून माय आली, आणि ती आली म्हणून शेजारच्या चौघी आल्या. तांड्यावरून मैत्रिणीची आईही आली. मी उभी राहिले तेव्हा समोरचे चेहरे पाण्याखाली असावेत तसे हलत होते. मी तीन अंतरं वाचली. मग म्हणाले, "गाव ते पोड सातशे मीटर आहे. मी सातशे सत्तर लिहिलं होतं. बिंदू आमच्या वावरात येत होता, म्हणून."

कुजबूज झाली. एक जण म्हणाला, "पोट्टीच्या हातात कारभार देल्यावर असंच होईन." मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बोटानं मातीत काहीतरी काढत होती.

बाबा उठले. "वावर माह्यं हाय. म्या सोता मोजलं. पोरीनं आता सांगतलं थे बराबर हाय." मग ते अडखळले. "पन जागा तिथी नाई पाह्यजे. थोडी तांड्याकडं. काहून, थे हे सांगन." आणि त्यांनी मायकडे हात केला.

मायनं पदर पुढे ओढला, पण सांगितलं. तेच, गुंडाचं आणि चढाचं. सभेत पहिल्यांदा हशा झाला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं आग्रह धरला, "घरं गावात जास्त हायत. हात वर करा, विहीर देवळासमोरच होते." सरपंच म्हणाले, "करा." आधी देवळासमोरच्या जागेसाठी हात मोजून झाले, मग आमच्या वावरातल्या जागेची पाळी आली. पोडाची माणसं हात वर करावा की नाही अशी एकमेकांकडे पाहत होती. गुरुजी जवळ जाऊन हळू आवाजात त्यांना म्हणाले, "तुमचाही धरतात. एकाचा एक." मग त्यांचे हात वर झाले. आधी म्हाताऱ्याचा, मग बाकीच्यांचे. गावातल्या बायांचेही झाले, आणि त्यांच्याकडे बघत काही पुरुषांचे. सरपंचांनी दोनदा मोजलं. थोडक्या हातांनी का होईना, आमच्या वावरातली जागा ठरली.

उन्हाळ्यात विहीर खोदली. ओल खरी निघाली. वैशाखात गढूळ पाणी लागलं आणि आठवडाभरात निवळलं. पण सगळं लगेच नीट झालं असं सांगितलं तर ते पुन्हा सातशे सत्तर लिहिण्यासारखं होईल. पहिली दोन वर्षं पोडावरच्या बाया काठापासून दूर उभ्या राहायच्या आणि गावातली कोणी पाणी वाढेल याची वाट पाहायच्या. तांड्यावरच्या बाया भांडून काठावर आल्या, त्यांच्या मागोमाग पोडावरच्या. कागदावरच्या सारख्या अंतरानं ते झालं नाही, त्याला वेळ लागला. मैत्रीण माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस तिनं वर्गात माझी वही ओढून माझं उत्तर तपासलं, खाली बरोबरची खूण केली, आणि आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

पुढच्या ग्रामसभेला कडुनिंबाखाली सतरा बाया होत्या. मी मोजल्या. त्यांनी विहिरीपाशी धुण्यासाठी दगड बसवून मागितला, आणि तो कोणत्या बाजूला बसवायचा यावर त्या दिवस मावळेपर्यंत बोलत होत्या.