सुई कापडात असताना

माझी थोरली बहीण कपडे शिवायची. चाळीस वर्षं एकाच खोलीत, एकाच मशीनवर. तिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुली कोपऱ्यालाच काय त्या घाबरायच्या. कॉलरचा कोपरा आला की ताई ओरडायची, "थांब! सुई कापडातच राहू दे. आता कापड वळव." घाईघाईने कोणी सुई वर काढली की टीप बिघडायची, आणि ताईचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा.

पस्तिशीत तिने एका निवृत्त ग्रंथपालांकडे शैव तंत्राचा अभ्यास सुरू केला. तंत्र म्हटल्यावर नातेवाइकांना करणीच आठवली. "आमच्यावर काही सोडू नकोस हं बाई!" म्हणून थट्टा, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. ती म्हणायची, "अगं, शिव कुठे लांब बसलेला नाही. आपल्याला काही कळतं ना, ते ज्याला कळतं तोच शिव. त्याला ओळखायला मंत्र." मी म्हणायचे, "आधी बटणं लाव, गिऱ्हाईक दारात उभंय."

मंत्र तिला गुरूंनी कानात दिला होता. कुणाला सांगायचा नाही, ही अट. पुढे गुरू वारले. ताई मंत्र मनातच म्हणायची, पण मशीनवर पायाची लय लागली की ओठ हलायचे, पुटपुट ऐकू यायची. शेजारी काजं करत बसलेल्या मला तो केव्हाच पाठ झाला. तिला मात्र मी पत्ता लागू दिला नाही. एवढं मोठं गुपित आपल्याला ठाऊक आहे, याची मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. शब्द उरला एकच, "थांब". पाणी हवं असलं तरी थांब, खिडकी लावायची असली तरी थांब. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी. बाकीचे शब्द मनातूनही पुसले गेले असतील."

मनातूनही! म्हणजे मंत्रही गेला. देणारा वारलेला, आणि आता तो ठाऊक असलेली जगात मी एकटी, तीही चोर. ताई रोज सकाळी पूर्वीसारखीच डोळे मिटून बसायची. बिचारी आत चाचपडत असेल, या विचाराने मला घास गोड लागेना. सांगावा तर तिचा नियम मोडतो, न सांगावा तर तिची तीस वर्षं पाण्यात. तीन महिने मी गप्प राहिले.

शेवटी एका सकाळी तिच्या खुर्चीशी बसले. "ताई, हवं तर मार मला. तुझा मंत्र येतो मला." आणि तिच्या कानात तो म्हटला. एकदा. पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, तोच तिने डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब."

मला वाटलं, रागावली. पण हा आवाज मी ओळखत होते, कॉलरच्या कोपऱ्यावरचा. पहिला मंत्र संपला होता, दुसरा सुरू झाला नव्हता. मी तशीच बसून राहिले. ना चोरी आठवत होती, ना तिचं दुखणं. मी आहे, एवढंच कळत होतं, आणि ते कळतंय हेही. किती वेळ गेला कोण जाणे. ताई माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती. मग तिने मान डोलावली आणि मनगट सोडलं.

मला रडू कोसळलं. मंत्राचे शब्द गेले असतील, पण ते ज्यासाठी होते त्यातलं तिचं काहीच हरवलं नव्हतं. तीस वर्षं तिला खेटून बसून मीच बावळटासारखा नुसता शब्द तेवढा चोरला होता.