लाँचपॅड काका

माणूस उभा केल्याशिवाय काका फोटो काढत नसत. माणूस म्हणजे काकू. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा गंजलेला टॉवर असो की न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली रॉकेट-चाचणीची काँक्रीटची भिंत, काकूंना पायथ्याशी पिटाळायचे आणि स्वतः इतके मागे जायचे की काकू मुंगीएवढ्या दिसाव्यात. "स्केलला कोणी नसेल तर बघणाऱ्याला काय कळणार, केवढं मोठं आहे ते?" निवृत्त सिव्हिल इंजिनिअरच तो!

चँडलर गावातली आम्ही नोकरीच्या व्हिसावर आलेली पोरं त्यांना लाँचपॅड काका म्हणायचो. जिथून कधीकाळी रॉकेटं उडाली आणि आता कुत्रंही फिरकत नाही, अशा जागांचं त्यांना भारी वेड. गुडघे दुखायचे म्हणून ड्राइव्ह करायला मला न्यायचे. काकू दशम्यांचा डबा घेऊन मागे बसायच्या.

"यंदा तरी ग्रँड कॅन्यन दाखवा हो," त्या एकदा म्हणाल्या.

"तिथे काय बघायचंय? खड्डा आहे नुसता."

आम्ही पोट धरून हसलो. काकूही हसल्या, आणि टोपी घालून उन्हात उभ्या राहायला गेल्या.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात हार्ट अटॅकने काकू गेल्या. दूर बॉथेलला राहणारी लेक विमानाने आली. हार घालायला फोटो हवा होता, म्हणून आम्ही फोटोंची खोकी उघडली. जवळजवळ प्रत्येक फोटोत काकू होत्या, पण चेहरा कुठेच दिसेना. आमच्याकडच्या गणपतीच्या फोटोंतही त्या पाठमोऱ्या, वाढताना.

"बाबा, नॉट ईव्हन वन क्लोज-अप?" लेकीने विचारलं. काका खोकी पुन्हा चाळू लागले. मला त्यांचा संताप आला, आणि लगेच कीवही आली. शेवटी पासपोर्टवरचा जुना फोटो मोठा करून आणला. त्यातली बाई आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीची वाटेना.

तेराव्यानंतर भेटायला गेलो, तर काका जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन बसलेले. समोर न्यू मेक्सिकोतल्या त्या भिंतीचा फोटो.

"तू होतास ना रे या वेळी? बघ जरा. हसतेय का ही?"

भिंगातून नुसते ठिपके दिसत होते. "हो काका, हसताहेत."

"खोटं बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "ऊन डोळ्यांवर यायचं तिच्या. तोंड उन्हाकडे कर म्हणून लांबून मीच ओरडायचो."